जपान आणि इतर परदेशी शेअर बाजारांत फंडांमार्फत गुंतवणूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरे प्रामुख्याने भारतात राहणाऱ्या, रुपयात कमावणाऱ्या आणि रुपयातच खर्च करणाऱ्या गुंतवणूकदारासाठी आहेत. कराचे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षातल्या व्यवहारांचे आहेत. जपानमध्ये राहणाऱ्यांसाठी शेवटी वेगळा प्रश्न घेतला आहे.

भारतात बसून जपानी शेअरमध्ये पैसे घालायचे मार्ग कोणते?

पहिला मार्ग म्हणजे थेट जपानी शेअर विकत घेणारी भारतीय म्युच्युअल फंड योजना. निप्पॉन इंडिया जपान इक्विटी फंड हे त्याचे ठळक उदाहरण. ही योजना २०१४ मध्ये रिलायन्सच्या नावाने सुरू झाली आणि २०१९ मध्ये फंड घराण्याचे नाव बदलले तसे तिचेही बदलले. इथे फंड व्यवस्थापक स्वतः कंपन्या निवडतो. म्हणजे ही निर्देशांकाची नक्कल नव्हे, आणि परतावा निक्केई या जपानच्या प्रसिद्ध शेअर निर्देशांकाशी तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा धरू नये.

दुसरा मार्ग फंड ऑफ फंड्सचा. तुमचे रुपये इथल्या योजनेत जातात आणि ती योजना परदेशातल्या एखाद्या फंडाचे युनिट घेते. चीन, आसियान, युरोप, ब्राझील, अमेरिका अशा बऱ्याच योजना याच पद्धतीच्या आहेत.

तिसरा मार्ग इथल्या शेअर बाजारात नोंदलेल्या ईटीएफचा, म्हणजे शेअरसारखी खरेदी-विक्री होणाऱ्या फंडाचा. नॅस्डॅक १०० आणि हँग सेंगचे ईटीएफ इथे अनेक वर्षे आहेत. त्यासाठी डिमॅट खाते लागते.

चौथा मार्ग म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस सवलतीखाली (रहिवाशांना दरवर्षी ठरावीक रकमेपर्यंत पैसे परदेशी पाठवू देणारी योजना) डॉलर पाठवून परदेशी ब्रोकरकडून तिथला ईटीएफ घेणे. अमेरिकेत नोंदलेले ईडब्ल्यूजे आणि डीएक्सजे हे जपानचे दोन परिचित ईटीएफ. यात कागदपत्रे आणि कर दोन्हींचा भार बराच वाढतो. त्याचे तपशील पुढे आहेत.

निक्केई २२५ आणि टोपिक्स यांत काय फरक? फंडाची तुलना कशाशी करायची?

निक्केईमध्ये कंपनीचे वजन तिच्या शेअरच्या भावावर ठरते, आकारावर नाही. त्यामुळे युनिक्लोची मालक कंपनी फास्ट रिटेलिंगचा निक्केईवर टोयोटापेक्षा कितीतरी जास्त प्रभाव असतो, जरी बाजारमूल्यात टोयोटा फार मोठी असली तरी. टोकियो इलेक्ट्रॉन आणि अॅडव्हान्टेस्ट या सेमीकंडक्टर यंत्रे बनवणाऱ्या कंपन्या हलल्या की निक्केई जोरात हलतो तो याच कारणाने. टोपिक्स बाजारमूल्यावर आधारलेला आहे, त्यात कंपन्या कितीतरी जास्त आहेत आणि बँका, वाहन उद्योग, व्यापारी घराणी यांना त्यांच्या आकाराप्रमाणे जागा मिळते.

बातम्यांत निक्केई असतो, पण फंडाचे प्रगतिपुस्तक तपासताना योजनेच्या फॅक्टशीटवर दिलेला मानदंड निर्देशांक पाहा. तोही लाभांशासह आणि रुपयात मोजलेला हवा. येनमधला निर्देशांक आणि रुपयातली एनएव्ही (फंडाच्या एका युनिटची किंमत) शेजारी ठेवून फंडाला दोष देणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

निक्केईने विक्रम केले, तरी माझ्या फंडाचा परतावा एवढा कमी का?

बहुतेक वेळा उत्तर एका शब्दाचे असते: येन.

२०२० संपताना निक्केई २७,४४४ च्या पातळीवर होता. २८ जून २०२४ रोजी तो ३९,५८३ वर बंद झाला. येनमध्ये ही वाढ सुमारे ४४ टक्के. पण याच काळात एका डॉलरला १०३ येनवरून जवळपास १६१ येन मोजावे लागू लागले. रुपयाही डॉलरसमोर ७३ वरून ८३ पर्यंत घसरला, पण येनइतका नाही. हिशेब केला तर एका येनची किंमत साधारण ७१ पैशांवरून ५२ पैशांवर आली.

आता गुणाकार करा. निर्देशांक १.४४ पट, येन ०.७३ पट. उत्तर येते १.०५ ते १.०६. म्हणजे साडेतीन वर्षांत लाभांश सोडून रुपयात मिळाले ते जेमतेम ५ ते ६ टक्के. फंडाने काहीही चूक केली नसती, खर्च शून्य असता, तरी निर्देशांकातून एवढेच हाती आले असते.

या दोन्ही गोष्टी योगायोगाने एकत्र घडलेल्या नाहीत. जपानच्या मोठ्या कंपन्या परदेशात विकतात आणि हिशेब येनमध्ये ठेवतात. येन घसरला की टोयोटाने अमेरिकेत कमावलेला प्रत्येक डॉलर ताळेबंदात जास्त येन होऊन उतरतो, नफा फुगतो, शेअर चढतो. म्हणून निर्देशांक वर आणि येन खाली असे चित्र जपानमध्ये वारंवार दिसते. टोकियोतल्या गुंतवणूकदाराला हा फायदा पूर्ण मिळतो. आपल्याकडे पोहोचेपर्यंत त्याचा मोठा भाग चलनात विरून जातो. उलट येन वधारतो तेव्हा निर्देशांक दबला तरी रुपयातले नुकसान कमी भासते.

तेव्हा जपान फंड घेताना तुम्ही कंपन्या आणि येन अशा दोन गोष्टी एकदम घेत असता. दुसरीबद्दल काहीच मत नसेल तर निदान ती आपल्याकडे आहे याचे भान हवे.

मग येनच्या चढउतारापासून संरक्षण असलेला फंड का घेऊ नये?

अमेरिकेत नोंदलेला डीएक्सजे तशा प्रकारचा आहे, पण त्याचे संरक्षण येन आणि डॉलर यांच्यातले आहे. रुपया आणि डॉलर यांच्यातला फरक तुमच्याकडेच राहतो. ईडब्ल्यूजेमध्ये येनचे संरक्षण नाही. भारतीय फंड घेताना येन उघडाच, म्हणजे संरक्षणाशिवाय, ठेवलेला आहे असे धरून चाला आणि योजनेच्या माहितीपत्रात चलनसंरक्षणाबद्दल काय लिहिले आहे ते वाचून घ्या.

आमचे मत असे की सात-आठ वर्षांसाठी थोडीच रक्कम ठेवणाऱ्याने संरक्षणामागे धावू नये. येन उघडा असणे हा प्रत्येक वेळी तोटाच नसतो.

५ ऑगस्ट २०२४ ला नेमके काय झाले होते?

बँक ऑफ जपानने मार्च २०२४ मध्ये उणे व्याजदराचे धोरण संपवले आणि ३१ जुलैला दर ०.२५ टक्क्यांवर नेला. स्वस्त येन कर्जाने घेऊन जगभर गुंतवलेला पैसा त्यानंतर घाईघाईने परतू लागला. अमेरिकेतील रोजगाराचे आकडेही त्याच आठवड्यात निराशाजनक आले. ५ ऑगस्टला निक्केई ४,४५१ अंकांनी, म्हणजे १२.४ टक्क्यांनी कोसळला. दुसऱ्या दिवशी तो १० टक्क्यांहून अधिक उसळला.

यात शिकण्यासारखे दोन मुद्दे आहेत. येन त्याच दिवसांत झपाट्याने वधारत होता, त्यामुळे रुपयातली घसरण येनमधल्या घसरणीइतकी खोल नव्हती. आणि घाबरून त्या दिवशी विक्रीचा अर्ज देणाऱ्याला तळाचा भाव मिळाला, तर पैसे काही दिवसांनी हातात आले. तोवर बाजार बराचसा सावरलेला होता.

जपानचा बाजार ३४ वर्षे वर गेलाच नाही म्हणतात. मग तिथे जायचेच कशाला?

आकडा खरा आहे. २९ डिसेंबर १९८९ रोजी निक्केई ३८,९१५.८७ वर बंद झाला आणि ती पातळी ओलांडायला २२ फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. टोपिक्सला तर जुलै २०२४ पर्यंत थांबावे लागले. १९८९ मध्ये जपानी शेअर नफ्याच्या साठपटीच्या आसपास विकले जात होते, जमिनीच्या किमती आणि बँकांची कर्जे एकमेकांना फुगवत होती. त्या भावाने घेतलेले शेअर कुठल्याही देशात दशकानुदशके झोपले असते.

आज तिथे जाण्याचे कारण वेगळे आहे. टोकियो शेअर बाजाराने एप्रिल २०२२ मध्ये प्राइम, स्टँडर्ड आणि ग्रोथ असे नवे विभाग केले. मार्च २०२३ मध्ये त्याने कंपन्यांना सांगितले की भांडवलाचा खर्च आणि शेअरचा भाव यांचा विचार करून सुधारणेचा आराखडा जाहीर करा. पुस्तकी मूल्यापेक्षा कमी भावात पडून असलेल्या कंपन्यांवर त्याचा रोख होता. त्यानंतर शेअर पुनर्खरेदी वाढली, एकमेकांचे शेअर वर्षानुवर्षे धरून ठेवण्याची जुनी रीत सैल होऊ लागली. वॉरन बफे यांच्या बर्कशायरने इतोचू, मारुबेनी, मित्सुबिशी, मित्सुई आणि सुमितोमो या पाच व्यापारी घराण्यांतली हिस्सेदारी ऑगस्ट २०२० मध्येच जाहीर केली होती, तीही येनमध्ये कर्ज उभारून.

हा बदल कंपन्यांच्या वागण्यातला आहे आणि तो हळू चालतो. दोन वर्षांत पैसे हवे असणाऱ्याच्या तो उपयोगाचा नाही.

फंड चांगला दिसतो, पण पैसे भरायला गेले की ‘नवी गुंतवणूक बंद’ असे का येते?

सगळ्या भारतीय म्युच्युअल फंडांनी मिळून परदेशी शेअर-रोख्यांत किती गुंतवावे याला ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे, आणि एका फंड घराण्याला १ अब्ज डॉलरची. परदेशी ईटीएफमध्ये गुंतवण्यासाठी वेगळी १ अब्ज डॉलरची मर्यादा आहे. मुख्य मर्यादा भरत आल्याने सेबीच्या सांगण्यावरून फेब्रुवारी २०२२ पासून नवी गुंतवणूक थांबली. जून २०२२ मध्ये थोडी मुभा मिळाली ती अशी की १ फेब्रुवारी २०२२ च्या पातळीपेक्षा खाली आल्याने जी जागा रिकामी होईल तेवढीच वापरावी. ईटीएफची मर्यादाही पुढे भरली आणि १ एप्रिल २०२४ पासून तिथेही दार बंद झाले.

म्हणून एकच योजना एका महिन्यात खुली, दुसऱ्या महिन्यात बंद, तिसऱ्यात फक्त एसआयपीसाठी (ठरावीक हप्त्यांच्या गुंतवणुकीसाठी) खुली असे चालते. गुंतवणूकदार पैसे काढतात तेव्हा जागा मोकळी होते आणि फंड घराणे तेवढेच घेते. प्रत्यक्षात हे करा:

१. फंड घराण्याच्या संकेतस्थळावर त्या योजनेची सर्वांत अलीकडची पुरवणी सूचना वाचा. ॲपवरचा ‘गुंतवा’ बटणाचा रंग पुरावा म्हणून पुरेसा नाही.
२. एकरकमी, नवी एसआयपी, आधीपासूनची एसआयपी आणि एसटीपी (एका योजनेतून दुसरीत ठरावीक अंतराने पैसे हलवणे) यांचे नियम वेगवेगळे असतात. चारही पाहा.
३. रोज किंवा महिन्याला एका पॅनमागे कमाल रक्कम ठरवलेली असू शकते.
४. चालू एसआयपी विनाकारण थांबवू नका. बंद काळात ती पुन्हा सुरू करता येईलच असे नाही.

मग एक्सचेंजवरचा ईटीएफ तर केव्हाही मिळतो. तो घ्यावा का?

भाव आणि आयएनएव्ही (आतल्या शेअरच्या चालू भावाने निघणारी एका युनिटची किंमत) यांची तुलना केल्याशिवाय मुळीच नको. मर्यादेमुळे फंड घराणे नवे युनिट तयार करू शकत नाही, मागणी मात्र वाढते. मग बाजारातला भाव आतल्या शेअरच्या किमतीपेक्षा वर जातो. २०२४ नंतर काही परदेशी ईटीएफमध्ये हे अधिमूल्य दोन आकडी टक्क्यांवर गेलेले दिसले.

समजा आयएनएव्ही १०० रुपये आहे आणि तुम्ही ११५ ला घेतले. पुढे परदेशी निर्देशांक १० टक्के वाढून आयएनएव्ही ११० झाली, आणि दरम्यान मर्यादा वाढल्याने अधिमूल्य नाहीसे झाले. तुमचा भाव आता ११०. बाजार १० टक्के वर आणि तुम्ही ४ टक्क्यांहून जास्त तोट्यात. आयएनएव्ही फंड घराण्याच्या संकेतस्थळावर मिळते. अधिमूल्य २ टक्क्यांच्या वर असेल तर थांबा असा आमचा सल्ला आहे, आणि खरेदी करायचीच तर लिमिट ऑर्डर लावा, म्हणजे कमाल भाव स्वतः ठरवून द्या.

कोणत्या दिवसाची एनएव्ही मिळते? पैसे परत यायला किती दिवस?

दुपारी ३ पर्यंत अर्जही गेला आणि पैसेही फंडाच्या खात्यात पोहोचले, तर त्या दिवसाची. नुसता अर्ज वेळेत गेला आणि पैसे उशिरा पोहोचले तर पुढच्या दिवसाची. ॲपमधून यूपीआयने सव्वादोनला पैसे भरून निर्धास्त होणारे इथे फसतात. दुपारी १२ च्या आत काम उरका.

टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथला बाजार भारतीय वेळेनुसार पहाटे ५.३० ते ८ आणि मग ९ ते दुपारी १२ चालतो. नोव्हेंबर २०२४ पासून शेवटचा अर्धा तास वाढलेला आहे. ३१ डिसेंबर ते ३ जानेवारी टोकियो बंद असतो, शिवाय एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीच्या गोल्डन वीकमध्ये बऱ्याच सुट्ट्या येतात. त्या दिवशी दिलेला अर्ज पुढच्या कामकाजाच्या दिवशी धरला जातो. उलट दिवाळीत आपल्याकडे सुट्टी आणि टोकियो चालू असेल तर नंतरच्या पहिल्या एनएव्हीत अचानक उडी दिसते. ती चूक नव्हे.

किमान ८० टक्के रक्कम परदेशात असलेल्या योजनांना पैसे देण्यासाठी ५ कामकाजाचे दिवस मिळतात. शाळेची फी किंवा घराचा हप्ता या योजनांच्या भरवशावर ठेवू नका.

कर कसा लागतो?

अशा योजनांना देशी इक्विटी फंडांचा कर लागू होत नाही, जरी आत शंभर टक्के शेअर असले तरी. २०२५-२६ पासून चित्र असे आहे: परदेशी शेअरच्या फंडाचे युनिट २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवले तर नफ्यावर १२.५ टक्के, इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरणे) नाही. त्याआधी विकले तर नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे. एक्सचेंजवर नोंदलेल्या ईटीएफला २४ ऐवजी १२ महिन्यांची मुदत आहे. देशी इक्विटीला मिळणारी वर्षाला १.२५ लाख रुपयांची सूट इथे मिळत नाही. विवरणपत्र भरताना हे हमखास चुकते.

२ लाख रुपये घातले, २.६ लाखांना विकले, नफा ६० हजार. ३० महिन्यांनी विकले तर कर ७,५०० आणि ४ टक्के उपकर धरून ७,८००. १८ महिन्यांनी विकले आणि तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर १८,७२०. सहा महिने थांबण्याची किंमत एवढी मोठी आहे.

एसआयपीचा प्रत्येक हप्ता वेगळी खरेदी असते आणि विक्रीत सर्वांत जुने युनिट आधी जातात. रेग्युलरमधून (वितरकामार्फतची योजना) डायरेक्टमध्ये (थेट फंड घराण्याकडून घेतलेली) स्विच केले तरी ती विक्रीच, आणि २४ महिन्यांची मोजणी नव्याने सुरू होते. लाभांशाचा पर्याय घेऊ नका. ती रक्कम स्लॅबने करपात्र होते. नफा योजनेतच ठेवणारा ग्रोथ पर्याय घ्या.

ज्या देशी फंडात ६५ टक्क्यांहून जास्त भारतीय शेअर आणि उरलेल्यात थोडे परदेशी असतात, त्यांना देशी इक्विटीचाच कर लागतो. लहान रकमेसाठी हा सोपा पर्याय आहे, पण त्यात जपान असेलच असे नाही.

एलआरएसने थेट पैसे पाठवले तर?

वर्षाला २.५ लाख डॉलरची मुभा आहे. आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ गोळा केला जाणारा कर) कापते. १५ लाख पाठवले तर १ लाख रुपये अडकतात. ते विवरणपत्रात वळते होतात, पण तोवर हाताबाहेर असतात. भारतीय फंडात रुपयाने गुंतवताना यातले काहीच लागू होत नाही.

त्यापुढे तीन गोष्टी. परदेशी खाते आणि शेअर विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या अनुसूचीत दाखवावे लागतात, आणि ती माहिती कॅलेंडर वर्षाची असते. न दाखवल्यास १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अमेरिकी ईटीएफमधून जपान घेतल्यास जपानी कंपन्यांच्या लाभांशावर आधी जपानमध्ये कर जातो आणि मग ईटीएफने तुम्हाला दिलेल्या लाभांशावर अमेरिका २५ टक्के कापते. आणि अमेरिकी मालमत्ता ६० हजार डॉलरच्या वर असताना मृत्यू झाला तर वारसांना अमेरिकी वारसा कराला तोंड द्यावे लागते, ज्याचा दर ४० टक्क्यांपर्यंत जातो. पाच-सात लाखांसाठी हा सगळा व्याप करू नये, असे आम्हाला ठामपणे वाटते.

जपानमध्ये किती आणि इतरत्र किती?

शेअरमधल्या एकूण पैशांपैकी १० ते २० टक्के परदेशात, आणि त्यातला पाचवा ते चौथा हिस्सा जपानमध्ये, एवढे पुरे. म्हणजे १० लाखांच्या इक्विटीत जपान २० ते ५० हजार. जगाच्या विकसित बाजारांच्या निर्देशांकात जपान साधारण ५-६ टक्केच असतो, आणि अमेरिका मात्र अर्ध्याहून खूप जास्त. तेव्हा नॅस्डॅक १००, एस अँड पी ५०० आणि ‘जागतिक’ नावाचा फंड असे तीन घेतले की तीन देश होत नाहीत. बहुतांशी त्याच अमेरिकी कंपन्या तीनदा येतात. फॅक्टशीटवरचे पहिले दहा शेअर शेजारी ठेवून पाहा.

आणि मारुती सुझुकीचा शेअर म्हणजे जपान नव्हे. मालक जपानी असला तरी कंपनीची बहुतांश कमाई आणि शेअरचा भाव दोन्ही रुपयातले आहेत.

फंड ऑफ फंड्स निवडताना कागदावर काय तपासायचे?

एक्स्पेन्स रेशो (फंड दरवर्षी कापत असलेला खर्च) दोन थरांचा असतो: इथल्या योजनेचा आणि आतल्या परदेशी फंडाचा. दुसरा जाहिरातीत दिसत नाही, माहितीपत्रात सापडतो. आतल्या फंडाचे चलन, एक्झिट लोडची (लवकर पैसे काढल्यास कापल्या जाणाऱ्या शुल्काची) मुदत आणि एनएव्ही कोणत्या वेळच्या भावाने काढतात हेही तिथेच असते. डायरेक्ट योजना घ्या.

मी टोकियोत नोकरी करतो. भारतातला जपान फंड घेऊ का?

नाही, त्यात अर्थ नाही. जपानचा रहिवासी असाल तर निसा हे तिथले करमुक्त गुंतवणूक खाते वापरा. जानेवारी २०२४ पासून वर्षाला ३६ लाख येनपर्यंत, त्यात १२ लाख नियमित संचयाच्या आणि २४ लाख वृद्धीच्या भागात, आणि आयुष्यभरात १ कोटी ८० लाख येनपर्यंत गुंतवता येते. एरवी नफा आणि लाभांशावर लागणारा २०.३१५ टक्के कर त्यात लागत नाही. टोपिक्सचे आणि सगळ्या जगाच्या निर्देशांकाचे स्वस्त फंड तिथेच मिळतात.

अडचण परतताना येते. जपान सोडताना निसा एरवी चालू ठेवता येत नाही. कंपनीने बदलीवर पाठवले असेल आणि ब्रोकर तयार असेल तर जास्तीत जास्त ५ वर्षे ते ठेवता येते, तेही नवी खरेदी न करता. कायमचे पुण्या-नागपूरला परतणार असाल तर तिकीट काढण्याआधी ब्रोकरला लेखी विचारा आणि करमुक्त असतानाच विकायचे का ते ठरवा. एकदा भारतात सर्वसामान्य रहिवासी झालात की तीच मालमत्ता इथल्या विवरणपत्रात दाखवावी लागते आणि तिच्यावरचा नफा इथे करपात्र होतो.